गाइडात नसलेले वीस गुण

२०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांची नावं देशभर झाली. माणसांच्या डोक्यावरचे केस चार दिवसांत मुठीनं हातात येत होते. बाया, पोरं, म्हातारी माणसं, कुणी सुटलं नाही. आरोग्य खात्याची पथकं आली, पाण्याचे नमुने गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे शास्त्रज्ञ येऊन गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. मुंबई-दिल्लीच्या इंग्रजी दैनिकांनी या सगळ्याच्या बातम्या छापल्या. जानेवारीच्या त्या दिवसांत जिल्ह्यातली दहावीची मुलं बोर्डाच्या परीक्षेपासून जेमतेम दीड महिन्यावर होती आणि इंग्रजीच्या पेपरात पाच गुणांना एक प्रश्न असतो: बातमी लिहा.

या प्रश्नाची तयारी कशी होते, हे ठाऊक नसलेलं घर जिल्ह्यात विरळाच. गाइडात पाच-सहा बातम्या तयार असतात. शाळेत वृक्षारोपण, विज्ञान प्रदर्शन, वार्षिक स्नेहसंमेलन, रस्ता सुरक्षा सप्ताह. शाळेचं नाव असं असतं की ती कुठल्याच गावात सापडू नये. मुलं त्या पाठ करतात. तीन गावांत माणसांना टक्कल पडत असताना, मोताळ्यापासून लोणारपर्यंत पोरं न लावलेल्या झाडांची बातमी घोकत असणार, यावर पैज लावायला माझी तयारी आहे.

बुलढाणा जिल्ह्यात बातम्यांची वानवा नाही. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा परदेशी वाहिन्यांनीही त्याची दखल घेतली. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघालं. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी दर अक्षय्य तृतीयेला होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं भाकीत ऐकायला शेतकऱ्यांची गर्दी लोटते. ते खरं किती, खोटं किती, हा वाद वेगळा. बातमी म्हणून ते पाच गुणांचं सोनं आहे. १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊ जयंतीला माणूस मावत नाही. शेगावहून पालखी पायी पंढरपूरला जाते. जिल्ह्यातली मुलं या बातम्यांच्या आत राहतात. इंग्रजीच्या वहीत मात्र त्यांतली एकही शिरत नाही.

आधी पेपर कसा असतो ते बघू. आपल्या लेकराचा पेपर शांतपणे वाचलेले पालक थोडेच असतील. मराठी माध्यमाच्या मुलांना दहावीत इंग्रजी ही तृतीय भाषा. लेखी ८०, तोंडी व अंतर्गत मूल्यमापन २०. प्रश्नपत्रिकेला आता 'कृतिपत्रिका' म्हणतात. भाषाभ्यासाला दहा गुण, पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांना वीस, कवितेला दहा, न पाहिलेल्या उताऱ्याला सारांशासह पंधरा, शेवटी भाषांतराला पाच. राहिलेले वीस लेखनाचे. त्यात पाच गुणांचं पत्र, पाच गुणांचा संवाद किंवा भाषण, पाच गुणांचं माहितीचं रूपांतर म्हणजे तक्त्यावरून परिच्छेद किंवा परिच्छेदावरून तक्ता, आणि पाच गुणांना बातमी किंवा गोष्ट.

साठ गुणांच्या मागे आधार असतो. उतारा छापलेला असतो, कविता छापलेली असते, उत्तर त्यातच कुठेतरी दडलेलं असतं. वर्गात मुलांना शिकवलं जातं तेही हेच: प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा, सापडला की त्या शब्दाच्या मागचं-पुढचं वाक्य उतरवून काढा. बरेचदा गुण मिळतातही. तोंडीचे सतरा-अठरा गुण हाताशी असले, की पासापुरते बाकीचे या वाक्य-उचलीवर निघतात. म्हणजे दहा वर्षं इंग्रजी शिकून, स्वतःचं एकही वाक्य न लिहिता मूल इंग्रजीत पास होऊ शकतं. आणि होतं. निकालाची टक्केवारी या गोष्टीबद्दल चकार शब्द बोलत नाही.

२०१९ साली मात्र ती बोलली. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत वीस गुण काढून टाकले होते. पेपर शंभराचा, सगळं लेखी. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर घसरला. आपला अमरावती विभाग ७२ टक्क्यांच्या आसपास अडकला. नवा अभ्यासक्रम, नवी पुस्तकं हीही कारणं होतीच, पण ओरड झाली ती वीस गुणांची. ऑगस्टमध्ये समितीच्या शिफारशीवरून ते परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. गुण परत द्यायला हवे होते याबद्दल माझं दुमत नाही. बोलण्याची परीक्षा असलीच पाहिजे. पण त्या एका वर्षानं जे उघडं केलं होतं, त्यावर पुन्हा झाकण बसलं. मुलांना लिहिता येत नाही हा प्रश्न कुणीच टेबलावर ठेवला नाही.

हा रोग दहावीत होत नाही. ग्रामीण शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी २४.५ टक्क्यांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली, आठवीच्या मुलांपैकी ४६.७ टक्क्यांना. वाक्यंही अगदी छोटी, चार-पाच शब्दांची. ही वाचनाची कथा. ज्याला आठवीत वाक्य वाचता येत नाही, त्याला दोन वर्षांनी आपण सांगतो की 'पाणी वाचवा' या विषयावर भाषणाचा मसुदा तयार कर. पोरगं बिचारं काय करणार? पाठ करतं.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० सालच्या जूनपासून. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी ए-बी-सी-डी पाचवीत भेटायची. तेव्हा वाद कडाक्याचा झाला. मराठी बुडेल म्हणणारे एका बाजूला, खेड्यातल्या पोरानं काय आयुष्यभर मागेच राहायचं का असं विचारणारे दुसऱ्या बाजूला. मला आजही दुसरी बाजू बरोबर वाटते. शहरातल्याला जे पहिलीपासून मिळत होतं, ते घाटाखालच्या पोरालाही मिळायला हवं होतं. मिळालं ते पुस्तक. शिकवणारा मात्र तोच राहिला, जो स्वतः पाचवीपासून, पाठांतरानंच इंग्रजी शिकला होता. २०२५ मध्ये या निर्णयाला पंचवीस वर्षं झाली. त्या पहिल्या तुकडीतल्या मुलांची मुलं आता शाळेत आहेत.

बुलढाण्यात इंग्रजी शिकण्याची परंपरा नव्हती असंही नाही. ताराबाई शिंदे याच गावच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत होते आणि त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. १८८२ मध्ये पुण्यात त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक छापून आलं. ते मराठीत आहे, इंग्रजीशी त्याचा थेट संबंध नाही. तरी इथे आठवतं, कारण त्या बाईंना जे म्हणायचं होतं ते त्यांचं स्वतःचं होतं. भाषा कुठलीही असो, आत काही म्हणायचं असेल तरच लेखणी पुढे सरकते.

आता मुलाच्या बाजूनं बघू. मेहकर तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत मी नववीचा इंग्रजीचा तास बघत बसलो होतो. मॅडमनी फळ्यावर पाच शब्द लिहिले: वेल, मोटर, लाइट, नाइट, फादर. म्हणाल्या, "याच्यावर चार ओळी लिहा. चुकलं तं चुकलं." पोरं गोंधळली. एकानं विचारलं, "मॅडम, कोणत्या पानावर हाय?" कुठल्याच पानावर नाही, हे कळायला वर्गाला थोडा वेळ लागला. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा वहीवर वाकला. त्यानं लिहिलं ते असं: लाइट कम नाइट ट्वेल्व ओ'क्लॉक. माय फादर गो फार्म. आय गो विथ टॉर्च. स्नेक फिअर.

शेतीपंपाला रात्रीची थ्री-फेज असते, ज्याच्या घरी ओलीत आहे त्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. रात्री बाराला बाप मोटर टाकायला निघतो, पोरगं बॅटरी धरून मागे. चार ओळींत वर्तमान काळाचा 'एस' एकदाही नाही, शब्दयोगी अव्ययं गळालेली, शेवटच्या वाक्याला क्रियापद नाही. आणि तरी त्या तासाला वाचून दाखवल्या गेलेल्या ओळींत कळलेल्या ओळी याच. वर्ग हसला नाही. निम्म्या वर्गानं तो साप पाहिलेला होता.

मॅडमनी वही लाल केली नाही. फक्त 'कम' आणि 'गो' यांखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाल्या, "लाइट एकच हाय, फादर एकच हायेत. मंग काय लागते?" मुलानं दोन्हीकडे 'एस'ची शेपूट जोडली. त्या दिवशी एवढंच. 'ॲट' उद्या, 'टू द' परवा. 'स्नेक फिअर' तसंच राहू दिलं. तास संपल्यावर मी कारण विचारलं, तर त्यांचं म्हणणं असं पडलं की एका दिवशी एकच चूक सांगितली तर ती लक्षात राहते, आठ सांगितल्या तर मूल लिहायचंच सोडतं. पुस्तकी पद्धतीत याला काय म्हणतात ते त्यांनी सांगितलं नाही, मलाही त्याची गरज वाटली नाही.

परीक्षकाच्या हाती पडणारी उत्तरपत्रिका याच्या बरोबर उलटी असते. पत्राची सुरुवात ठरलेली: आय ॲम फाइन हिअर अँड होप यू आर ऑल्सो फाइन देअर. पुढची पहिली दोन वाक्यं निर्दोष, एकाही स्वल्पविरामाची चूक नाही. तिसऱ्या वाक्यात पाठांतर तुटतं आणि तिथून शब्द नुसते एकावर एक पडतात. पत्ता असतो 'एबीसी, पुणे'. मुलगी राहते नांदुऱ्याजवळ, पण पत्रात ती पुण्याची असते, कारण गाइडातली मुलगी पुण्याची होती. प्रश्नात दिलेली जाहिरात योगवर्गाची असते आणि मुलगी ग्रंथालयाबद्दल चौकशी करते, कारण पाठ केलेलं पत्र ग्रंथालयाचं होतं. परीक्षकानं गुण कशाला द्यायचे? मांडणीचे देतो. डावीकडे पत्ता, तारीख, विषय, मायना, सगळं जागच्या जागी. मजकुराला हात आखडतो.

गंमत अशी की कृतिपत्रिकेत हे प्रश्न मुलाला स्वतःचं लिहिता यावं म्हणूनच आणले होते. जुन्या पेपरात निबंधाचे विषय ठरलेले, म्हणून ते पाठ व्हायचे. आता प्रश्नाबरोबर एखादी जाहिरात, पत्रक, मुद्दे किंवा तक्ता देतात. म्हणजे मालमसाला तिथेच ठेवलेला आहे, फोडणी तेवढी आपली. बोर्डावर टीका करणं सोपं आहे आणि मीही करतो, पण इथे बोर्डाची मांडणी वर्गातल्या शिकवण्यापेक्षा चांगली आहे. खराब झालंय ते मधलं. गाइडवाल्यांनी वर्षभरात नव्या प्रश्नांचीही तयार उत्तरं काढली, '२१ अपेक्षित'च्या धर्तीचे संच दुकानात आले, आणि शाळांनी हायसं वाटून ती उत्तरं फळ्यावर उतरवून दिली.

बोर्डाच्या हातूनही चुका होतात, हे सांगायलाच हवं. २१ फेब्रुवारी २०२३ ला बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या प्रश्नात प्रश्नाऐवजी परीक्षकांसाठीच्या सूचना आणि नमुना उत्तरच छापून आलं. मुलांनी त्यापुढे काय लिहावं? शेवटी मंडळानं सहा गुण देऊ केले. त्यानंतर दहाच दिवसांनी, ३ मार्चला, बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं सिंदखेडराजा भागातून मोबाइलवर फिरली आणि बुलढाण्याचं नाव वेगळ्याच कारणानं विधानसभेत गाजलं. अटक झालेल्यांत शिक्षक होते. त्याच परीक्षेपासून, पेपरफुटीच्या धास्तीनं, प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी देणं बंद झालं होतं. त्याबदल्यात शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळू लागली. इंग्रजी लिहिणाऱ्या मुलाला ती वाढीव दहा मिनिटं फार मोलाची आहेत. त्याबद्दल पुढे सांगतो.

कॉपीबद्दल एकच वाक्य पुरे: ज्याला पत्र लिहिता येतं त्याला खिडकीतून चिठ्ठी लागत नाही. पोलीस, भरारी पथकं, ड्रोन, सगळं लावा. पण केंद्राबाहेर भिंतीवर चढलेला मामा तिथे का चढला याचं उत्तर जून ते जानेवारीच्या वर्गांत आहे.

मूल मराठीत विचार करतं म्हणून इंग्रजी बिघडतं, असं म्हणायची फॅशन आहे. हे अर्धंच खरं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आर्टिकल नावाची चीज नसते, 'डू-डज-डिड'सारखं उसनं क्रियापद प्रश्नासाठी लागत नाही. त्यामुळे 'व्हाय यू आर कमिंग लेट' होणारच. पण या चुका ओळीनं मोजता येतात, आठ-दहाच्या वर जात नाहीत, आणि त्या सगळ्या महाराष्ट्रात सारख्या आहेत. मराठी नीट येणाऱ्या मुलाला तुलना करून सांगितलं तर एका वर्षात त्या निघतात. खरी अडचण त्या मुलाची, ज्याच्या घरी मराठीही नाही. लोणार-मेहकरकडच्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलतात. जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलणारी माणसं आहेत. जेमतेम दोन-अडीच हजार बोलणारे असलेली ही भाषा जगातल्या कुठल्याच भाषाकुळात नक्की बसत नाही, असं भाषातज्ज्ञ म्हणतात. तिथलं मूल घरी निहाली, शेजारी कोरकू, बाजारात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी आणि मग हिंदी, इंग्रजी असा प्रवास करतं. पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर २०२५ मध्ये एप्रिल ते जून मुंबईत रणकंदन झालं, शासन निर्णय निघाले आणि २९ जूनला मागे घेतले गेले. त्या सगळ्या चर्चेत या मुलाचं नाव कुणी घेतल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. तिसरी भाषा कुठली, हा वाद त्याच्यासाठी पाचव्या-सहाव्या भाषेचा आहे.

पालकांनी आपला उपाय शोधलाय: कॉन्व्हेंट. वऱ्हाडात इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, तिथे नन असो वा नसो. सकाळी सात वाजता पिवळी गाडी गावात येते, टाय लावलेली चार वर्षांची पोरं घेऊन जाते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट आणखी खाली येतो. सोयाबीन विकून फी भरणाऱ्या बापाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. फक्त एवढं सांगतो: त्या शाळेत शिकवणारी तरुण मुलगीही बहुतेक याच जिल्ह्यातल्या मराठी शाळेत, याच गाइडांवर शिकलेली असते. तिथली मुलं इंग्रजीत प्रश्नाचं उत्तर फडाफडा देतात. कोऱ्या कागदावर पाच ओळी लिहायला सांगा, मग बघा. माध्यम बदललं, पाठांतर तेच राहिलं.

मग करायचं काय? मी जे पाहिलं, ऐकलं आणि मला पटलं तेवढंच मांडतो.

सगळ्यात आधी रोज दोन ओळी. आठवड्याला एक निबंध नको. दोन ओळी, पण रोज, सहावीपासून. विषय घरचा: आज आईनं काय केलं, बाजारात कांदा काय भाव होता, बकरी व्याली का. वही तपासायला शिक्षकाला वेळ नसतो, साठ-सत्तर मुलांचा वर्ग असतो, हे मान्य. म्हणून दिवसाला दहाच वह्या बघायच्या आणि त्या दिवशीची एक चूक फळ्यावर सगळ्यांसाठी सोडवायची. बाकीच्या वह्या मुलांनीच एकमेकांच्या वाचायच्या. शेजाऱ्याची चूक पोरांना बरोब्बर दिसते.

तक्त्याच्या प्रश्नात पाचही गुण मिळवणं खरं तर सगळ्यात सोपं, आणि मुलं नेमका तोच सोडून देतात. आकड्यांना घाबरतात, वाक्यांना त्याहून. सोयाबीनच्या एका एकराचा खर्च मुलाला घरी विचारून आणायला सांगा: बियाणं, खत, फवारणी, निंदण, काढणी. तक्ता त्यानंच करायचा. मग चार साच्यांची वाक्यं. तक्ता कशाबद्दल आहे: द टेबल शोज... सर्वांत जास्त कशावर: द हायस्ट एक्स्पेन्स इज ऑन... सर्वांत कमी: द लोएस्ट... आणि तुलना: मोअर दॅन, लेस दॅन. शेवटी एक वाक्य एकूण बेरजेचं. हे एकदा हातात बसलं की पेपरात पावसाचा तक्ता येवो की ग्रंथालयातल्या पुस्तकांचा, पोरगं अडत नाही. एका मुलीनं अशा तक्त्याखाली लिहून ठेवलं होतं की एकूण खर्च विक्रीपेक्षा मोअर दॅन आहे. व्याकरण साफ चुकलेलं. पण जिल्ह्याचं अर्थशास्त्र त्या ओळीत पूर्ण होतं.

संवादासाठी वर्गातलाच आठवडी बाजार पुरतो. भाजीवाली आणि गिऱ्हाईक, दोघांनी मोजून सहा-सहा वाक्यं बोलायची, मग तीच लिहायची. आधी तोंडातून, मग कागदावर. आपल्याकडे तोंडीचे वीस गुण वर्षाच्या शेवटी एका दुपारी उरकले जातात; खरं तर लेखनाची अर्धी तयारी तिथेच होऊन जायला हवी. बातमीसाठी मराठी पेपर आणावा. 'देशोन्नती', 'लोकमत', घरी येत असेल तो. त्यातली आपल्या तालुक्याची चार ओळींची बातमी घेऊन कोण, काय, कुठे, कधी, कसं एवढं मराठीतच खुणावून घ्यावं आणि मग इंग्रजीत मांडावं. मराठीचा आधार घेतला म्हणून इंग्रजी बाटत नाही. पेपरात भाषांतराचे पाच गुण ठेवणाऱ्या बोर्डालाही हे मान्यच आहे.

आणि ती शेवटची दहा मिनिटं. मुलांना सांगावं, त्या वेळात नवं काही लिहू नका. लेखनाच्या चार उत्तरांवरून फक्त क्रियापदांवर बोट फिरवा. एकटा माणूस, साधा वर्तमानकाळ, 'एस' लागला का? कालची गोष्ट, 'डिड'नंतर मूळ रूप आहे का? वाक्य मोठ्या अक्षरानं सुरू झालं का, शेवटी टिंब आहे का? लेखनातले एखाद-दोन गुण एवढ्यानंही सुधारतात.

पाठांतर अजिबात नको, असं मी म्हणणार नाही. पत्राची मांडणी, भाषणाची सुरुवात, आभाराचं वाक्य, दहा-पंधरा क्रियापदांची रूपं पाठच हवीत. सुतारानंही आधी पटाशी धरायला शिकावं लागतं. पण पटाशी म्हणजे खुर्ची नव्हे.

शिक्षकांबद्दल बोलताना हात राखून बोलावं लागतं. माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणारा माणूस इंग्रजीचाच पदवीधर असेल असं नाही. जागा रिकामी, म्हणून इतिहासवाल्या सरांकडे इंग्रजी येतं. प्राथमिकला दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी मुख्याध्यापकही असतात, खिचडीचा हिशेबही ठेवतात आणि निवडणुकीची यादीही करतात. त्यांना स्वतःला चार माणसांत इंग्रजी बोलायचा संकोच असतो आणि तो बोलून दाखवायला जागा नसते. २०१६ मध्ये राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून नऊ जिल्ह्यांत 'तेजस' नावाचा उपक्रम सुरू केला. त्याचा गाभा साधा होता. जवळपासच्या शाळांच्या शिक्षकांनी गट करून ठरावीक दिवशी भेटायचं, आपापसात इंग्रजीत बोलायचं, वर्गात काय जमलं आणि काय फसलं ते सांगायचं. यासाठी परदेशी तज्ज्ञ लागत नाही. शाळांच्या प्रत्येक केंद्रात शिक्षण परिषद होतेच. तिथे परिपत्रकं वाचून दाखवण्याऐवजी तासभर पाच मुलांच्या वह्या मध्ये ठेवून शिक्षक बोलले, तर खर्च चहाचा.

आणि हे सगळं नुसत्या पाच-पाच गुणांसाठी आहे का? शेगावला १९८३ पासून संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बुलढाण्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. जिल्ह्यातल्या मुलाला आता डॉक्टर-इंजिनिअर व्हायला जिल्हा सोडावा लागणार नाही, असं पुढारी सांगतात ते बरोबरच आहे. पण तिथली पुस्तकं इंग्रजीत आहेत, प्रयोगवही इंग्रजीत आहे. एमपीएससीच्या मुख्य परीक्षेतही इंग्रजी लिहावं लागतं. गणितात पैकीच्या पैकी घेणारी पोरं पहिल्या वर्षाला गप्प होतात, त्यातली निम्मी तरी या कारणानं. 'निम्मी' हा माझा अंदाज आहे, पण त्या कॉलेजांतल्या कुठल्याही प्राध्यापकाला विचारा.

दिवाळी अंक हातात धरणाऱ्या वाचकांतले बरेच जण सणाला गावी येतात. पुण्याला, संभाजीनगरला, काही तर अमेरिकेलाही नोकरीत असतात. तुमच्या भावकीत, शेजारी एक तरी नववी-दहावीचं लेकरू असणार. त्याला यंदा पेन किंवा डिक्शनरी भेट देऊ नका. त्याची इंग्रजीची वही मागून घ्या. गाइडातून उतरवलेली पानं उलटा आणि कोऱ्या पानावर त्याला चार ओळी लिहायला लावा, फराळावर, फटाक्यांवर, कापसाच्या वेचणीवर. त्यातली एकच चूक सांगा. परत गेल्यावर आठवड्यातून एकदा मोबाइलवर त्या चार ओळींचा फोटो मागवत राहा. दहावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होते. म्हणजे दिवाळीनंतर तीन-चार महिने हातात असतात आणि रोज दोन ओळी लिहायला तेवढे पुरतात.